रेस्ट स्टेशनवरची मामी

या ग्रुपवर मी बरेच दिवस नुसती वाचायला येते. वाचते, हसते आणि जाते... खरं सांगायचं तर हसायलाच यायचे. बोटांना नाडी लागल्याशिवाय समोरचा माणूस जिवंत आहे हेसुद्धा मान्य न करणाऱ्या जमातीतली मी. माझे बाबा अकोल्यात शाळेत विज्ञान शिकवतात. आमच्याकडे मांजर आडवं गेलं तर मांजराला दूध मिळतं, बाकी काही होत नाही. त्यामुळे हे लिहिताना मलाच अवघडल्यासारखं होतंय. पण यात घाबरण्यासारखं काहीच नाही. उलट त्या दिवसापासून मी जरा कमी घाबरते.

मी स्नेहल. ऑल इंडिया कोट्यातून चेन्नईला एमबीबीएसला आले, राहायला तिरुवल्लिकेणीत एका मुलींच्या हॉस्टेलवर. अभ्यासात बरी होते. थिअरीला कधी अडचण नव्हती. अडचण होती पेशंटच्या खाटेशी. फायनलला मेडिसिनच्या प्रॅक्टिकलमध्ये मी नापास झाले, आणि कशी झाले ते ऐका.

पेशंटची स्प्लीन, म्हणजे प्लीहा, वाढून हाताला लागत होती. पोटात डावीकडे, बरगडीखाली, स्पष्ट. मी तसं सांगितलं. एक्झामिनरने विचारलं, "आर यू शुअर?" बस, तेवढंच. मी म्हटलं, "नाही सर, नाही लागत." "म्हणजे नॉर्मल?" "नाही सर... लागते." त्यांनी चष्मा काढला आणि शांतपणे म्हणाले, "डॉक्टर, स्प्लीन दर मिनिटाला ये-जा करत नाही." मागे उभी असलेली पीजी मुलं हसली. मी पण हसले, का कुणास ठाऊक.

हा माझा जुनाच रोग. कुणी "नक्की?" म्हटलं की माझ्या हाताला लागलेलं माझंच मला खोटं वाटायला लागतं. बाकीची बॅच इंटर्नशिपला लागली, त्यांच्या गळ्यात नवी आयडी कार्डं आली, आणि मी सप्लिमेंटरीची तयारी करत बसले. आई रोज फोनवर "जेवलीस का" एवढंच विचारायची. परीक्षेचं अवाक्षर नाही. ते जास्त लागायचं. मी मनाशी ठरवलं होतं, या वेळीही नापास झाले तर हे सोडून घरी जायचं. हे कुणालाच सांगितलं नव्हतं, हेमालाही नाही.

हेमा माझ्यासोबत सप्लिमेंटरीला होती. तंजावरकडच्या मराठी लोकांपैकी. घरचे सगळे आता अंबत्तूरला, वडील बँकेत. ती माझ्याशी मराठी बोलायची, म्हणजे तिची मराठी. अर्धी कुठल्या तरी जुन्या काळातली आणि अर्धी तमिळ. मी तिच्या "काय म्हणून"ला हसायचे, ती माझ्या "कशाला गं"ला.

परीक्षेच्या आधी डिपार्टमेंटने आमच्यासाठी मॉक ऑस्की ठेवली. ऑस्की म्हणजे मोठ्या हॉलमध्ये पडदे लावून ओळीने कप्पे केलेले असतात. प्रत्येक कप्प्यात एक काम. कुठे बीपी घ्या, कुठे इंजेक्शन द्या, कुठे नातेवाइकाला वाईट बातमी सांगा. काही कप्प्यांत पेशंटचं काम करायला ज्युनिअर मुलं बसवतात. घंटा वाजली की सगळ्यांनी एकेक कप्पा पुढे सरकायचं. मध्ये एखादा कप्पा रिकामा ठेवतात. एक स्टूल, पाण्याची बाटली, दम खायला. त्याला रेस्ट स्टेशन म्हणतात.

स्किल्स लॅब सगळ्यात वरच्या मजल्यावर. दार एकच, दाराशी टेबल टाकून अटेंडंट अण्णा बसलेला. चपला त्याच्यासमोर काढून आत जायचं. दुपारची वेळ, एसी जेमतेम चाललेला. मी पहिल्याच कप्प्यात बीपीचा कफ उलटा बांधला आणि तिथून जी बधिर झाले ती घंटा वाजली की सरकायचं एवढंच करत होते. पडद्यावर काय चिकटवलंय ते वाचतही नव्हते.

मध्येच एका कप्प्यात शिरले तर स्टुलावर एक म्हातारी बाई बसलेली. अंगावर मऊ झालेली सुती नऊवारी, दोन्ही नाकपुड्यांत चमकी, मांडीवर पिवळी कापडी पिशवी. एक्झामिनर नव्हता. मॉकला माणसं कमी पडतात, त्यामुळे त्याचं मला काही वाटलं नाही.

"ये गे. उभी काय म्हणून राहिलीस?"

मराठी! या हॉस्पिटलमध्ये एवढ्या वर्षांत एकही पेशंट माझ्याशी मराठीत बोलला नव्हता. मला वाटलं, डिपार्टमेंटने हेमाच्या लोकांपैकीच कुणालातरी पेशंट म्हणून बसवलंय. इतकं बरं वाटलं म्हणून सांगू. काय करायचं ते लिहिलेला कागद कुठे दिसेना, म्हणून मी सगळ्यात सोपं ते निवडलं. नाव सांगितलं, आणि विचारलं, "आजी, तुमची नाडी पाहू का?"

तिने उजवा हात पुढे केला. नाडी छान, भरलेली, संथ. मी मोजली, थँक यू म्हटलं आणि घंटेची वाट बघत उभी राहिले. आम्ही पेशंटच्या उजव्या बाजूला उभे राहतो, उजवा हात धरतो आणि डावा बघायचा हे पुस्तकात असूनही अर्धे लोक विसरतो.

तिने डावा हात उचलून माझ्यासमोर धरला.

"आणि हा? हा हात काय परक्याचा?"

मला हसू आलं. डावं मनगट धरलं... आणि काही लागेना. बोटं सरकवली. हलकं दाबलं, जोरात दाबलं. काही नाही. हात मात्र ऊबदार, नखं गुलाबी. माझ्या कानाशी माझीच नाडी धडधडायला लागली. चुकतंय माझंच, दुसरं काय. मग मी तेच केलं जे अशा वेळी करते. चेहरा डॉक्टरी केला आणि मान डोलावली. "आहे आजी. छान लागतेय."

"लागली?"

"...हो."

ती रागावली नाही. नुसती बघत राहिली, आपल्या घरचं माणूस बघतं तशी.

"खोटं काय म्हणून सांगतेस गे? मिळेना तर मिळेना म्हण. बोटं बरी आहेत तुझी. भयच फार."

मी पुन्हा बोटं ठेवली. या वेळी काही सापडावं म्हणून नाही, नुसती ठेवली. आणि म्हटलं, "नाही लागत, आजी."

"हां. येवढंच."

घंटा वाजली. पुढच्या कप्प्यात मी प्लास्टिकच्या हाताला इंजेक्शन दिलं ते डोळे पुसत. मला बोटं बरी आहेत असं आजवर कुणी म्हटलंच नव्हतं.

मॉक संपल्यावर हेमा आणि मी खाली कॅन्टीनमध्ये कॉफी घेत होतो. ती म्हणाली, "रेस्टमध्ये कोणाशी बोलत होतीस? ती मामी कोण?" तिच्याकडे कुठल्याही मोठ्या बाईला मामीच म्हणतात.

"कुठलं रेस्ट?"

"मी पाठीमागच्या कप्प्यात होते. ऐकू आलं मला. सेम आमच्या घरचं बोलत होती. म्हटलं, बेल झाली की जाऊन पाहू, कोणाची कोण विचारू. आत आले तर कोणीच नाही. स्टूल आणि पाण्याची बाटली."

"अगं, ती तिथेच बसली होती. मी निघाले तेव्हा बसलेलीच होती."

"मी तर तू निघालीस तशी आलेच. पडदा अजून हलत होता."

हेमाने कॉफीचा टंबलर खाली ठेवला. दोघी परत वर गेलो. कप्पे अजून तसेच होते. त्या पडद्यावर बाहेरून मोठ्या अक्षरांत REST चिकटवलेलं होतं. अटेंडंट अण्णाला विचारलं, कुणी म्हातारी बाई आत गेली होती का. तो म्हणाला, "पाट्टीया? यारुम वरलै, मा." आजी? कुणी आलं नाही. ट्यूटर सर म्हणाले, रेस्ट स्टेशनवर पेशंट कशाला बसवू, आणि मला रात्रीची झोप पुरी घ्यायला सांगितलं. झोप पुरी झालेली हेमा शेजारी उभी होती, तिला त्यांनी काही सांगितलं नाही.

आता तुमच्या मनात जे आलं ते आमच्याही आलं. हॉस्पिटल म्हटलं की पेशंटचे नातेवाईक कुठेही जाऊन बसतात. चुकून आली असेल. मला ते पटवून घ्यायचंच होतं. पण एका दारातून, अण्णाच्या नाकासमोरून, न दिसता आली आणि न दिसता गेली?

आणखी एक सांगते. रविवारी हेमा मला अंबत्तूरला तिच्या घरी घेऊन गेली, प्रॅक्टिसला. मी आत शिरल्या शिरल्या भिंतीवरचा एकेक फोटो बघितला. अशा गोष्टींत होतं ना तसं... हार घातलेला फोटो, तीच चमकी, तीच पिशवी. तसं काही निघालं नाही. तिच्यासारखी एकही बाई त्या भिंतीवर नव्हती. हेमाच्या अम्मांना सगळं सांगितलं तर त्या डोसा उलटत म्हणाल्या, "भिऊन काय करायचं? बरंच सांगून गेली नव्हे?" आणि मी दिवसभर हेमाच्या अप्पांचे दोन्ही हात धरून बसले. शेवटी ते म्हणाले, "दोन्ही हात तुझेच, मा. कॉफी प्यायला एक तेवढा सोड."

मग परीक्षा. लाँग केसला, म्हणजे एकच पेशंट पूर्ण तपासून सांगायचा त्या भागाला, मला मिळाली अंबत्तूरच्याच एका कारखान्यात शिवणकाम करणारी बाई, तिशीतली. तक्रार काय, तर "तलै सुत्तुदु", चक्कर येते, आणि एवढ्या तरुण वयात बीपी वाढलेलं. माझ्या मोडक्या तमिळमध्ये तिला सगळं विचारलं. उजवी नाडी पाहिली, उत्तम. पुढे हृदयाकडे वळणार, स्टेथोस्कोप कानाला लावलाही होता... आणि थांबले. स्टेथोस्कोप काढला. खाटेच्या पलीकडून तिचा डावा हात घेतला.

काही लागेना.

अंगावर काटा आला हे खरं. पण त्याहून खरं हे, की मी बोटं ठेवून राहिले. सरकवली, हलकं दाबलं, घाई केली नाही. हात ऊबदार, नखं गुलाबी, नाडी नाही. ती बाई माझ्याकडे बघत होती. मी तिला विचारलं दुखतंय का, ती नाही म्हणाली.

एक्झामिनर आले. तेच, चष्मेवाले. मला ओळखलं की नाही माहीत नाही. मी सांगत गेले, आणि सांगितलं की डाव्या मनगटाला नाडी लागत नाही. त्यांनी मान वर केली.

"आर यू शुअर?"

जुनं सगळं वर आलं, ती स्प्लीन, मागची हसणारी पोरं, आईचं "जेवलीस का". मी म्हटलं, "परत पाहू का, सर?" त्यांनी हाताने पाहा म्हणून खूण केली. मी परत पाहिलं.

"नाही लागत, सर. शुअर."

त्यांनी स्वतः मनगट धरलं. बराच वेळ धरलं. मग म्हणाले, "गो ऑन."

त्या बाईच्या डाव्या हाताची मोठी रक्तवाहिनी अरुंद झाली होती, आणि तिच्या बीपीचं मूळही त्याच आजारात होतं. डावा हात न बघता मी सगळी केस चुकीच्या वाटेने नेली असती. पुढचे प्रश्न मला आठवतही नाहीत. शेवटी त्यांनी चष्मा काढला. मी गारठले, तर ते फक्त म्हणाले, "गुड. यू मे गो."

बाहेर आले तर हेमा जिन्यात वाट बघत होती. तिला सांगितलं, कुठला हात ते. तिने माझं मनगट घट्ट धरलं, डावं. दोघी तशाच चालत मरीनावर गेलो, वाळूत बसलो, आणि मी मनसोक्त रडले. अंगावरून ओझं उतरलं की माणसाला आधी रडूच येतं. मग आईला फोन लावला. ती म्हणाली, "जेवलीस का?" मी म्हटलं, "नाही अजून. आई, मी पास होईन." नक्की का, असं तिने विचारलं नाही. विचारलं असतं तरी चाललं असतं.

झाले पास. हेमाही झाली. आता त्याच हॉस्पिटलमध्ये इंटर्न आहे. मैत्रिणी चिडवतात की भुताची नाडी पाहणारी ही एकच डॉक्टर. चिडवू देत. उजव्या हाताची नॉर्मल होती, मी मोजली आहे.

मागच्या महिन्यात ज्युनिअर्सच्या मॉकला मदतीला मला लावलं होतं. रेस्ट स्टेशनवर मी दोन स्टुलं ठेवली. ट्यूटर सर म्हणाले, इथे दोन कशाला? मी म्हटलं, असू द्या सर. एक ज्युनिअर त्या कप्प्यातून बाहेर पडेपर्यंत मी उगाच बाहेर घुटमळत होते. आतून आवाज आला नाही. पाण्याची बाटली उघडल्याचा आला, तेवढाच.

ती कोण होती, माझ्याकडेच का आली, तो हात तिला आधी कसा माहीत... मी खूप चाचपून पाहिलं. नाही लागत. आणि नाही ते नाही म्हणायला आता मला भीती वाटत नाही.