योगीराजचा वरचा अंगरखा

गुंडोअण्णांच्या शिलाईच्या दुकानातून ब्लाउज वेळेवर मिळाल्याची आठवण राजाजीनगरात कुणालाच नाही. ‘स्वल्प तडीरी, अक्का,’ म्हणजे कानडीत जरा थांबा, एवढ्या भांडवलावर अण्णांनी कितीतरी नवऱ्यामुलींच्या आयांना घाम फोडलाय. मात्र थांबलेल्या गिऱ्हाइकाला ते रिकामं बसू देत नाहीत. भिंतीवरचा फोटो दाखवतात.

“आमचा योगीराज. पाच देश खेळला!”

पाच देश खरेच. नेपाळ, बांगलादेश, ओमान, मलेशिया आणि कंबोडिया, तिथल्या क्लबांनी योगीराजला पगार दिला, जेवू घातलं. फक्त खेळवलं कमी. ‘जरा थांब’ हे प्रत्येक प्रशिक्षकानं त्याला आपापल्या भाषेत ऐकवलं आणि तोही बापाच्या गिऱ्हाइकांच्या चिकाटीनं बाकावर बसून राहिला. शेवटी दुखरा गुडघा घेऊन घरी परतला.

फोटोत त्याच्या जर्सीवर बिनबाह्यांचा भडक नारिंगी अंगरखा आहे. फुटबॉलवाले त्याला बिब म्हणतात. बाकावरच्या राखीव खेळाडूंनी तो घालायचा, म्हणजे खेळणाऱ्यांत आणि बसणाऱ्यांत घोटाळा होत नाही. पण अण्णा पडले शिंपी. त्यांची नजर आधी कपड्यावर.

“खेळणारे सगळे साध्या जर्सीत, बघा. वरचा अंगरखा मोजक्यांनाच. मान असतो तो!”

हे त्यांनी पहिल्यांदा फोनवर विचारलं, तेव्हा योगीराज मलेशियात होता. “हो ना रे?” “हो, अप्पा.” एवढंच तो बोलला. मग तो ‘हो’ गिऱ्हाइकागणिक वाढत गेला.

यंदा तिथल्या मराठी शिंपी समाजाच्या मंडळानं योगीराजचा सत्कार ठरवला. पाहुणे म्हणून मंजुनाथ सर आले. योगीराजला चेंडू मारायला त्यांनीच शिकवलेलं. शालीची वेळ आली तसे अण्णा उठले.

“शाल राहू द्या. कापड माझं!”

खोक्यातून निघाला तो बिब. नारिंगी रेशमाचा, हिरव्या जरीकाठाचा, आतून अस्तर लावलेला. टाळ्यांचा कडकडाट झाला. दसऱ्यापासून ब्लाउजसाठी खेटे घालणाऱ्या शालनअक्का मागून ओरडल्या, “अण्णा, हे बरं वेळेवर झालं!”

सभागृह हसलं. अण्णा त्याहून मोठ्यानं हसले. “सर, तुमच्याच हातानं घाला.”

सरांनी अंगरखा उलगडला आणि ते थबकले. काय आहे ते त्यांना कळलं, आणि सरांना कळलंय हे योगीराजला कळलं. त्याचे कान लाल झाले.

“घालू का रे?” सरांनी हळूच विचारलं.

“घाला, सर.”

माप अचूक. समोर शेदोनशे माणसं टाळ्या वाजवत होती आणि योगीराज पायाच्या अंगठ्याकडे बघत होता. “मुलगा विनयी आहे हो,” कुणीतरी म्हणालं.

अंगावर अंगरखा तसाच ठेवून तो बापाबरोबर दुकानात आला. शटर वर गेलं आणि त्याच्यानं राहवेना.

“अप्पा, हा मानाचा नसतो. ज्यांना खेळवत नाहीत, त्यांना घालतात.”

अण्णांनी चष्मा काढला, पुसला, पुन्हा लावला.

“मग खेळायला बोलावलं की काढायचा?”

“हो.”

“तू कितीदा काढलास?”

योगीराजला मराठीत सांगवेना. “स्वल्प,” तो पुटपुटला.

अण्णांनी हात पुढे केला. त्यानं डोक्यावरून अंगरखा काढून दिला. अण्णांनी तो टेबलावर पसरला, कात्री उचलली आणि जरीकाठासकट पुढून सरळ उभा कापला.

“अप्पा!”

“डोक्यावरून काढण्यात वेळ जातो,” अण्णा दातांत टाचणी धरून म्हणाले. “पुढून टिचबटणं लावतो. बोलावलं की एका झटक्यात निघाला पाहिजे.”

“आता कोण बोलावणार, अप्पा?”

अण्णांनी मान वर केली नाही. मशीनचं चाक हातानं फिरवत म्हणाले, “स्वल्प तडी.”

त्यापेक्षा दोन शिव्या घातल्या असत्या तर बरं झालं असतं, असं वाटून योगीराज गिऱ्हाइकांच्या बाकावर जाऊन बसला.