रेणूच्या लेकराचा रिपोर्ट अपलोड होईना

तुमच्या घरातल्या कुणाच्या रक्ताचा रिपोर्ट बंद पाकिटात जायला हवा, की बाजाराच्या दिवशी चौकात वाचून दाखवला तरी चालेल?

पांढरकवड्याच्या आमच्या ऑफिसात त्या दुपारी हाच प्रश्न माझ्यापुढे होता. आमचे प्रमुख गजूभाऊ खुर्चीमागे उभे राहून म्हणत होते, "अवं, ते चेकिंग बंद करून टाक ना! एका ओळीचं काम आहे म्हणतात."

मी एका आरोग्य संस्थेत प्रोग्रामर आहे. आमच्या कार्यकर्त्या पोडांवर, म्हणजे कोलाम आदिवासींच्या वस्त्यांवर, सिकलसेलची तपासणी करतात. आईबापांकडून येणाऱ्या या आजारात तांबड्या पेशी विळ्यासारख्या वाकड्या होतात, बारीक रक्तवाहिन्यांत अडकतात आणि माणूस दुखण्याने तळमळतो. प्रत्येकाची माहिती आणि रिपोर्ट पोर्टलवर चढवला की नोंदणी क्रमांक मिळतो. तो दाखवला की जवळच्याच आरोग्य केंद्रात दर महिन्याला औषध मिळतं. रिपोर्ट आदल्याच दिवशी हाती आले होते आणि संध्याकाळी पाचला या फेरीची नोंदणी बंद होणार होती. राहिला तो पुढच्या फेरीपर्यंत राहिला.

बाकावर रेणू बसली होती. मांडीवर नऊ महिन्यांचं लेकरू. त्याच्या हाताची बोटं सुजून टम्म झालेली. क्रमांक घेऊनच पोडावर परत जाईन, असं ती आल्याआल्या सांगून बसली होती.

एकेक फॉर्म हाताने भरायला वेळ नव्हता. म्हणून मी स्क्रिप्ट, म्हणजे छोटासा प्रोग्राम, लिहिली होती. ती प्रत्येक रुग्णाचं पार्सल बांधते. पार्सल मसाल्याच्या डब्यासारखं असतं. एका वाटीत नाव, एकीत जन्मतारीख, एकीत गाव, एकीत रिपोर्टची पीडीएफ, आणि वरून एकच झाकण.

पण पार्सल देण्याआधी समोरचा सर्व्हर, म्हणजे पोर्टल चालवणारा कॉम्प्युटर, आपलं प्रमाणपत्र दाखवतो. आपला कॉम्प्युटर ते तपासतो. कुणाच्या नावाचं आहे? कुणी दिलं? मुदतीत आहे का? पटलं, की एकमेकांना कधीच न भेटलेली ही दोन यंत्रं सगळ्या जगादेखत बोलून एक गुप्त किल्ली ठरवतात. मधे बसून प्रत्येक शब्द ऐकणाऱ्यालाही ती किल्ली कळत नाही. मी राजूरच्या खाणकामगाराची मुलगी. अक्षरओळख संपाच्या पत्रकांवर झाली, त्यामुळे थक्क व्हायची मला फारशी सवय नाही. पण इथे मी रोज थक्क होते. शेठच्या बँकेतल्या खात्याला जे कुलूप, तेच पोडावरच्या लेकराच्या रिपोर्टला. गणित कुणाची जात विचारत नाही.

त्या दिवशी मात्र गणितच अडून बसलं. माझा लॅपटॉप दुरुस्तीला गेला होता, म्हणून मी हिशेबाच्या कॉम्प्युटरवर स्क्रिप्ट चालवली. पहिल्याच पार्सलला लाल अक्षरं आली. सर्व्हरचं प्रमाणपत्र अजून लागूच झालेलं नाही.

"सरकारी कारभार!" मी टेबलावर हात आपटला. पोर्टलच्या मदतकेंद्राला फोन लावला.

"मॅडम, इकडे सगळं बरोबर चालून राह्यलं," पलीकडचा म्हणाला. "सकाळपासून लोकं अपलोड करून राह्यले. तुमचंच पाहा."

गजूभाऊंना तेवढं पुरलं. "पाहिलं? सर्व्हर त्याहिचाच आहे. कर चेकिंग बंद."

"भाऊ, चेकिंग बंद म्हणजे समोर कोण आहे हे न विचारता पाकीट देणं. मधल्यामधे कुणीही घेऊ शकतो."

"अन् पाच वाजले तं कोणीच घेणार नाही. त्याचं काय?"

मी स्क्रिप्ट पुन्हा चालवली. तीच लाल अक्षरं.

रेणूने विचारलं, "काहून भांडून राह्यले तुमी? माह्या पोराचं नाव चढत नाही काय?"

मी तिला सोप्या शब्दांत सांगितलं. तिने लेकराची बोटं पदराखाली झाकली. मग हळूच म्हणाली, "ताई, माह्या बहिणीची सोयरीक चालू हाये. हे भलत्याले दिसलं तं मोडन."

औषधही हवं आणि झाकणही हवं. यात तिने जास्तीचं काय मागितलं होतं?

मी मोबाइलवर तेच पोर्टल उघडलं. प्रमाणपत्र ठणठणीत. मग एकच सर्व्हर एकाला खरा आणि दुसऱ्याला खोटा कसा? मी मोबाइल कॉम्प्युटरच्या पडद्याला टेकवला आणि एकेक गोष्ट ताडून पाहू लागले. कोपऱ्यातल्या तारखेवर येऊन थांबले. कॉम्प्युटर दोन वर्षं मागे होता; त्याच्या लेखी हे प्रमाणपत्र अजून निघायचंच होतं.

"वंदनाताई, ही तारीख?"

हिशेब बघणाऱ्या वंदनाताईंनी चष्मा वर केला. "ते मीच करतो न. रोज सकाळी उदबत्ती लावली का पहिले तारीख मागं. सॉफ्टवेअर ट्रायलचं होतं. मुदत संपली तं बंद पडत होतं. दोन वर्षं झाले, काही बिघडलं नाही बाप्पा."

मी गजूभाऊंकडे पाहिलं. ते पंख्याकडे पाहत होते. "मलेही माहीत होतं," ते म्हणाले.

मी तारीख आजची केली.

"माहा हिशेब बंद पडते न बाई!" वंदनाताई ओरडल्या.

"पडू दे," गजूभाऊ म्हणाले. "विकत घेऊ."

पाठवण्याआधी तयार पार्सल उघडून पाहिलं. नोंदणीची तारीख स्क्रिप्ट कॉम्प्युटरवरूनच घेत होती. रेणूच्या लेकराची नोंदणी त्याच्या जन्माच्या सव्वा वर्ष आधीची झाली होती. चेकिंग बंद केलं असतं तर हेच गेलं असतं. तिकडे ते परत फेकलं असतं की निमूट घेतलं असतं, मला माहीत नाही. सगळी पार्सलं पुन्हा बांधली.

स्क्रिप्ट चालू केली. पडद्यावर एकाखाली एक २०१ उमटू लागले. २०१ म्हणजे नवी नोंद झाली. आम्ही चौघंही पडद्यापुढे गोळा झालो.

"माह्यावाला कोणता?" रेणूने विचारलं. मी बोट ठेवलं. तिनेही त्याच जागी बोट ठेवलं, आणि मग लेकराचं सुजलेलं बोट अलगद उचलून तिथे लावलं.

मी सरकारला शिव्या घालत होते. खोटं बोलत होतो आम्ही, आणि ते कुलूप आमच्या खोट्यालाही बधलं नाही. कुलूप असंच असावं.

एवढं करा. उद्या सेतू केंद्रात, दवाखान्यात, बँकेत कुणी तुमचा कागद अपलोड करत असेल, पडद्यावर लाल इशारा आला आणि तो "काही नाही होत" म्हणत 'पुढे जा' दाबायला लागला, तर त्याचा हात थांबवा. आधी कोपऱ्यातली तारीख पाहा. आणि त्याला मोठ्याने विचारा, काहून?