आत्या कोपरीत, आई मॉरिशसला

तुळसाला मूल नव्हतं असं म्हणता येणार नाही. दोन झाली होती, दोन्ही वर्षाच्या आत गेली. दुसऱ्यानंतर तिनं पाळणा शेजारणीला देऊन टाकला आणि तो कधी परत मागितला नाही. ठाणे स्टेशनाच्या पूर्वेला, कोपरीत, तिचं दोन खणांचं कौलारू घर होतं. नवरा दगडू रेल्वेत सांधेवाला. गाडी कुठल्या रुळावर वळायची ते त्याच्या हातातल्या दांड्यावर ठरायचं. दिवसभर एवढी मोठी गोष्ट वळवून आल्यामुळे की काय, घरी तो काही वळवायला जात नसे. तुळसा म्हणेल ते त्याला चाले.

तुळसाचा धाकटा भाऊ सहदेव कल्याणच्या मराठी शाळेत मास्तर होता. त्याची बायको भागीरथी सुइणीची मुलगी. आईकडून तिनं हात शिकून घेतला होता आणि लग्नानंतर मुंबईच्या एका दवाखान्यात वर्षभर राहून बाळंतपणाचं रीतसर शिक्षणही घेतलं होतं. त्यावरून नात्यात बरीच कुजबुज झाली होती, पण अडलेल्या घरी तिलाच बोलावणं यायचं.

सन १८८७च्या दिवाळीत कल्याणला राघो नावाचा एक म्हातारा परत आला. तरुणपणी तो मॉरिशसला उसाच्या मळ्यांवर मजुरीला गेला होता. आता देह ठेवायला आपल्या गावी आला होता, पण गावात ओळखीचं कुणी उरलं नव्हतं. तो शाळेच्या ओटीवर येऊन बसायचा आणि मुलांचे पाढे ऐकायचा.

"मास्तर, तिकडं आपली माणसं रगड हायत," एकदा तो म्हणाला. "पण पोरांना आपली बोली येत नाय. बापानं हाक मारली तर पोरगं तिकडच्या भाषेत उत्तर देतं. आणि बाया बाळंतपणात जातात. परक्या डॉक्टरला बघून लपून बसतात. आपलं माणूस पायजे तिथं."

सहदेवानं हे घरी सांगितलं. जायचं आधी कुणाच्या मनात आलं, त्याच्या की भागीरथीच्या, हे पुढं त्या दोघांनाही सांगता येत नसे. राघोनं तिथल्या भजनी मंडळाला निरोप धाडला. राहायला खोली आणि पोटापुरता शिधा आम्ही देऊ, असं तिकडून उत्तर आलं. पाच वर्षांसाठी जायचं ठरलं.

तुळसाला कळलं तेव्हा ती एवढंच म्हणाली, "मग पोरांना घेऊन जा."

"तिकडं हिवताप आहे, आक्का," सहदेव म्हणाला. "राघोची तीन मुलं त्यातच गेली."

दोन मुलं पुरलेल्या बाईला हे जास्त समजावून सांगावं लागत नाही. तुळसा म्हणाली, "ठेवा माझ्याकडं."

मोठा गोविंदा नऊ वर्षांचा होता, धाकटी बनू नुकती दोन पुरी केलेली. निघायच्या दिवशी भागीरथीनं बनूला न्हाऊ घातलं, जेवू घातलं आणि झोपवलं. मग ती तुळसाजवळ येऊन बसली.

"आक्का, गोविंदाला मी आठवेन. बनू विसरेल."

"मी विसरू देणार नाय," तुळसा म्हणाली.

बोलून गेली खरी. पण हे किती अवघड आहे ते तिला पहिल्याच पावसाळ्यात कळलं. बनू आठवडाभर दाराकडं बघून रडली, मग कमी रडली, मग अजिबात नाही. आणि एका सकाळी विहिरीवरून पाणी आणताना पाठीमागून दुडुदुडू येत तिनं हाक मारली, "आये!"

तुळसा जागीच थांबली. हंड्यातलं पाणी हिंदकळून तिच्या पाठीवरून ओघळलं. ती हाक ऐकायला तिचे कान किती वर्षं आसुसले होते ते तिचं तिलाच ठाऊक. तिनं हंडा खाली ठेवला, बनूला समोर उभं केलं आणि म्हणाली, "मी आत्या. आई तिकडं." आणि हातानं खाडीकडं दाखवलं.

त्याचा परिणाम असा झाला की आपली आई खाडीच्या पलीकडं राहते असं बनू धरून चालली. मिठागरातून होडी येताना दिसली की ती काठावर पळायची. होडीतून मिठाची पोती उतरायची, माणसं उतरायची, आई उतरायची नाही. "उद्या येल," असं म्हणून ती घरी परतायची. तुळसाला ते बघवत नसे. पण तिनं हात दाखवायचं सोडलं नाही.

पत्राला यायला दीड-दोन महिने लागत. मशीद बंदरावर एका कच्छी शेठची पेढी होती, तिची शाखा मॉरिशसच्या पोर्ट लुई गावात होती. पत्रं त्या पेढीवरून येत-जात. गाठोडं असलं तर ते बाणकोटचा उस्मान खलाशी आगबोटीवरून आणायचा. पत्र आलं की गोविंदा ते दोनदा वाचायचा. एकदा त्याच्या घाईनं, आणि मग तुळसाच्या सांगण्यावरून पुन्हा सावकाश, बनूला मांडीवर घेऊन.

उत्तर लिहिताना दगडू म्हणायचा, "लिव, सगळी खुशाल हायत."

"खुशाल हायत ते कुणीही लिवतं," तुळसा त्याला थांबवायची. "तिला तिची पोर दिसली पायजे. गोविंदा, असं लिव. बनूला भात खालचा, करपलेला लागतो. चिंबोरीला भीत नाय, बेडकाला भिते. काल रागावून चुलीमागं बसली ती तिथंच झोपली."

आणि प्रत्येक पत्रात ती एक दोरा घालायची. बनूला भिंतीशी ताठ उभी करून टाचेपासून टाळूपर्यंत मोजलेला. भागीरथी त्या मापानं पोलकं-परकर शिवून पाठवायची. कपडा पोचेपर्यंत पोर वाढणार, तेव्हा अंदाजानं थोडं मोठं. कधी अंदाज बरोबर यायचा, कधी परकर जमिनीवर लोळायचा. तिकडच्या कापडाला एक वेगळाच वास असे. बनू नवीन पोलकं आधी हुंगायची आणि मग घालायची. पहाटे दळताना तुळसानं तिच्यासाठी एक ओवीही जुळवली होती:

आई माझी गं पल्याड, उसाच्या रानी
पोलकं धाडी बाई, बनूच्या मापानी

तिसऱ्या वर्षी दगडूचा एक चुलतभाऊ बनूसाठी स्थळ घेऊन आला. मुलगा चांगला, घर चांगलं. अट एकच. "पोर तुमच्या नावानं द्या. बापाचं नाव काढू नका. तो समुद्र ओलांडून बाटलाय."

तुळसानं त्याला पाणी दिलं, गूळ दिला आणि सांगितलं, "पोरीला आई-बाप हायत. ते आले की त्यांना विचारा."

त्यानंतर भाऊबंदांतल्या लग्नाची आमंत्रणं त्या घरी यायची बंद झाली. दगडू म्हणाला, "बरं झालं. तेवढे आहेर वाचले." पण शेजारच्या आळीत वरातीचा ताशा वाजला की तो उगाचच उठून अंगणात फेऱ्या मारायचा.

मग ब्याण्णव साल आलं.

मे महिना संपत आला होता. स्टेशनातल्या तारबाबूनं वर्तमानपत्र वाचता वाचता दगडूला विचारलं, "तुझा मेहुणा मॉरिशसला ना रे? तिकडं भयंकर वादळ झालंय. पोर्ट लुईत देवळं, घरं, सगळं आडवं. माणसं शेकड्यांनी गेलीत."

दगडूनं ते एक दिवस पोटात ठेवलं. दुसऱ्या दिवशी संध्याकाळी सांगितलं. तुळसा मासळी साफ करत होती. तिनं मान वर केली नाही. मासळी साफ केली, धुतली, मीठ लावून ठेवली, आणि मग म्हणाली, "पोरांना आताच काय सांगू नका."

पण गोविंदा आता तेरा वर्षांचा होता. ठाण्याच्या शाळेत त्याच्याही कानावर आलंच. तो जुनी पत्रं काढून पुन्हा पुन्हा वाचू लागला. पत्र यायचे दिवस आले आणि गेले. बनूनं विचारलं तेव्हा तुळसा म्हणाली, "तिकडं वारा सुटलाय. पत्रं भिजली असतील."

"मग वाळवून धाडतील," बनू म्हणाली.

तुळसा दगडूला घेऊन मशीद बंदरावर पेढीत गेली. मुनीम बिचारा भला माणूस. तो म्हणाला, आमच्याच वखारीचं छप्पर उडालंय, तुमच्या माणसांचं मला काय ठाऊक असणार? पंधरा दिवसांनी ती पुन्हा गेली. पुन्हा तेच. आषाढात तिसऱ्यांदा गेली तेव्हा पेढीच्या दारात, साखरेच्या पोत्यांवर, उस्मान बसला होता.

तिला बघून तो उठून उभा राहिला. "आक्का, मास्तर हयात आहेत. बाई पण."

"कुणी सांगितलं तुला?"

"सांगायला कशाला पाहिजे? या डोळ्यांनी बघितले. मास्तरांचा पाय मोडला. शाळेचा छप्पर पोरांवर येत होता, तो त्यांनी पाठीवर धरला. पोरं निघाली, पाय अडकला."

"आणि भागी?"

"वादळात एक बाई अडली होती. घर पडलेलं. तर बैलगाडी उलटी करून तिच्या खाली बाईंनी तिला सोडवली. मुलगी झाली. मी गेलो तर मला काय विचारलंन माहीत आहे? 'उस्मानभाऊ, दोरा आणलास?'"

तुळसा तिथंच पोत्यावर बसली आणि रडली. परक्या माणसांत, पदर तोंडाला न लावता. दगडू तिच्या बाजूला उभा राहिला, जाणाऱ्या-येणाऱ्यांना ती दिसू नये अशा बेतानं.

परतीच्या गाडीत बराच वेळ ती खिडकीबाहेर बघत होती. कुर्ला गेल्यावर म्हणाली, "माझ्या मनात एक आलेलं. ती नाय आली तर बनू माझीच."

दगडूनं पागोटं काढून मांडीवर ठेवलं. "माझ्याही," तो म्हणाला.

घरी येऊन तुळसानं बनूला भिंतीशी उभी केली आणि नवा दोरा मोजला.

पडलेली शाळा उभी करून मग येतो, असं सहदेवानं कळवलं. त्यामुळं पाचाची साडेपाच वर्षं झाली. चौऱ्याण्णवच्या थंडीत एका दुपारी ती दोघं कोपरीच्या अंगणात येऊन उभी राहिली. सहदेव लंगडत होता, केस पांढरे झाले होते. गोविंदा पाया पडला. त्याचा फुटलेला आवाज ऐकून बापाला हसू आलं आणि त्यानं पोराला जवळ ओढलं. बनू तुळसाच्या पाठीमागं गेली आणि तिच्या लुगड्याचा निऱ्यांपाशी बोळा करून धरला.

भागीरथी पुढं झाली नाही. दोन हात अंतरावर उकिडवी बसली आणि पोरीकडं बघत राहिली. मग म्हणाली, "पोलकं तोकडं झालं गं. माझा अंदाज चुकला."

"ही आई," तुळसा म्हणाली. बनूनं मान हलवली. ठाऊक आहे, अशा अर्थानं. पण लुगडं सोडलं नाही.

पुढचे काही आठवडे सगळ्यांनाच जड गेले. बनू आईशी अदबीनं वागायची, घरी आलेल्या पाहुणीशी वागावं तशी. जेवायला आत्याच्या हातचं, झोपायला आत्याजवळ. भागीरथी काही म्हणत नसे, आणि तेच तुळसाला जास्त लागत असे. अशात दगडूची बदली कल्याणला झाली. एरवी तुळसानं त्याला साहेबाच्या पाया पडायला पाठवलं असतं. यावेळी ती म्हणाली, "जाऊ. हे घर सहदेवाला राहू दे."

निघताना बनू उंबऱ्यावर आडवी पडली. तिला उचलून तुळसानं भागीरथीच्या हातात दिलं. मग ती स्टेशनाकडं चालायला लागली. मागं बघितलं नाही. दगडूनं दोनदा बघितलं.

बनू चार दिवस आईशी बोलली नाही. विंचरायला द्यायची नाही. भागीरथीनंही हट्ट धरला नाही. केसांच्या जटा झाल्या, डोकं खाजायला लागलं. एका सकाळी पोर आपणहून फणी घेऊन आली आणि पाठ करून बसली. भागीरथीनं तेल लावलं, गुंता सोडवला, भांग पाडला. बनूनं हात लावून बघितलं.

"वाकडा झाला. आत्या असा पाडत नाय."

"मग कसा पाडते? शिकव मला."

बनूनं फणी घेतली आणि आईचे केस सोडले. मधोमध फणी टेकवून, नाकाच्या रेषेत वर नेत, अगदी आत्यासारखं ओठ आवळून तिनं भांग पाडला. तिचाही वाकडाच आला. भागीरथी हसली. थोड्या वेळानं बनूही हसली.

शिमग्याला तुळसा कोपरीला आली तेव्हा बनू अंगणातूनच ओरडली, "आई गं, आत्या आली!" तुळसानं ते ऐकलं, चप्पल काढली, पाय धुतले. मग ती परसात गेली आणि डोळे धुतले.

पुढं भागीरथी कोपरी-चेंदणीत बाळंतपणं करू लागली. सहदेवाला ठाण्यातल्या एका शाळेत काम मिळालं. हळूहळू भाऊबंदांची आमंत्रणंही यायला लागली, कारण त्यांच्या सुनांना भागीरथी हवी होती. पण या सगळ्यात एक रिवाज भागीरथीनं चुकवला नाही. शनिवारी काम नसलं की ती गाडीनं एकटीच कल्याणला तुळसाकडं जायची. दोघी मागच्या दारी भाजी निवडत बसायच्या.

पहिल्या शनिवारी ती म्हणाली, "आक्का, पत्रात सगळं मावत नाही. मला बनू सांगा. मी बोटीत बसले त्या दिवसापासून."

तुळसानं शेंगांची पाटी पुढं ओढली. "सकाळी उठली, तर आधी तिनं तुझी चटई उचलून बघितली," ती सांगू लागली. "चटईखाली काय असतंय? पण बघितली."

भागीरथी शेंगा सोलायची थांबली. तुळसाही थांबली. मग पुढं सांगू लागली. ताप कधी आला, गोड कशाला म्हणाली, खाडीकाठी कुणाच्या होडीमागं पळाली. मध्येच भागीरथी मॉरिशसचं काही सांगायची, तिच्या हातावर जन्मलेल्या पोरांची नावं सांगायची. मग पुन्हा बनू. घाई कुणालाच नव्हती. त्या वर्षीचा पावसाळा संपला तरी दोघी बनूच्या चौथ्या वर्षापर्यंतच पोचल्या होत्या.