चुन्याची निवळी

आमच्या घरात माझ्याआधी कोणी कॉलेजात गेलं नव्हतं, आणि मीही रसायनशास्त्र अर्ध्यात सोडलेला. समुद्रातल्या प्रवाळांवर मी लिहावं हे जाणकारांना आगाऊपणाचं वाटेल, त्यांनी माफ करावं. समुद्र मी अजून पाहिलेला नाही. पाहिली ती यवतमाळच्या एका डॉक्टरांच्या बैठकीतली काचेची टाकी.

कापसाचे ते वाईट दिवस होते. डॉक्टरांनी मला मागची खोली दिली, बदल्यात टाकी सांभाळायची. प्रवाळ वाढताना पाण्यातलं कॅल्शियम आणि क्षारता ओढून घेतात. तेवढं रोज परत द्यावं लागतं. किती द्यायचं ते कळायला काचेच्या नळीत टाकीचं पाणी घ्यायचं, बाटलीतलं तपासणीचं औषध थेंबाथेंबानं टाकायचं आणि निळं झालेलं पाणी पिवळं होईपर्यंत थेंब मोजायचे. आठ आले की क्षारता ठीक. कॅल्शियमची बाहेरून येणारी पावडर संपली तेव्हा मीच भीत भीत सुचवलं, तंबाखू-सुपारीच्या खर्ऱ्यात घालतात तो खायचा चुना पाण्यात कालवू, आणि वरची निवळी सलाइनच्या नळीनं हळूहळू सोडू.

"लेका, तू तं माशायले खर्रा चारून राह्यला!" डॉक्टर हसले होते. पण दिवाळीपर्यंत प्रवाळांना नवी जांभळी टोकं फुटली.

त्या साली मजूर लावणं परवडेना, म्हणून वेचणीला मला घाटंजीकडे घरी जावं लागलं. खोलीतला माझा सोबती डॉक्टरीणबाईंचा भाचा. त्याला सगळं शिकवलं, औषधाची नवी बाटली हातात दिली.

"जाय बे बिनधास्त," तो म्हणाला. "थेंबच मोजाचे हायेत, कापूस थोडी वेचाचा हाय!"

दहा दिवसांनी परतलो तर प्रवाळ पांढरेफटक. डॉक्टरांनी रोजच्या थेंबांची वही पुढे केली. दहाही दिवस आठ.

"पाणी बरोबर होतं. मंग मेले कायले? तुह्या चुन्यानंच ना?"

सोबती खाली पाहत होता. रोज तोच आकडा त्या टाकीनं मला कधीच दिला नव्हता. हे मनात आलं, पण आम्ही एका ताटात जेवलेलो. संशय घ्यायची लाज वाटली. "चुन्यात भेसळ असंल," मीच म्हणालो.

त्याच दिवशी खोली सोडली. पुढच्या वर्षी विषयही बदलला. माझ्या हातात पुन्हा काचेची नळी नको, असं वाटायचं.

मागच्या महिन्यात दारव्ह्याच्या जीपअड्ड्यावर डॉक्टरांचे जुने कंपाउंडर भेटले. त्यांना मी चाचा म्हणायचो. चहा घेताना मी पुन्हा त्या चुन्याबद्दल माफी मागितली.

चाचांनी कप खाली ठेवला. "कोनता चुना, बेटा? त्या पोट्ट्यानं ना तुही निवळी सोडली, ना थेंब टाकले. बाटलीचं सीलसुद्धा तुटलं नोतं."

"तुमाले कसं मालूम?"

"डॉक्टरसायबानंच दाखवली ना मले ते बाटली. तू आला त्याच्या आदल्या दिवशी."