आठवत नाही आणि सांगवत नाही

“आठवत नाही,” रमेश म्हणाला. वकीलबाईंनी पुन्हा विचारलं. पुन्हा तेच. माझ्याकडं बघत नव्हता.

रमेश दोन लेकरांचा बाप. इथं परदेशात, क्लोनडॉकिन गावातल्या एका हॉटेलात आम्ही बरोबर कामाला. शेफ मी, कापाकापी त्याची. एका दुपारी फ्रायरमधलं तेल काळं झालं होतं, म्हणून मी भजी तळायला नाही म्हणाले. मालकानं तापलेला झारा माझ्या मनगटावर टेकवला. रमेशनं बघितलं. गार्डांना, म्हणजे इथल्या पोलिसांना, त्यानं शपथेवर, कॅमेऱ्यापुढं तसं सांगितलंही. पण त्याचं इथं काम करायचं परमिट मालकाच्या नावावर. कोर्टात उभा राहिला आणि विसरला.

मालक म्हणत होता, म्हातारी आहे, झारा तिच्याच हातातून सुटला. भाजल्याचं काही नाही, कातडी परत येते. पण जन्म शेगडीपुढं काढला मी. झारा सुटला म्हणे. ते सोसेना.

मधल्या सुट्टीत दुभाषी पोरीला म्हणाले, “संपलं का गं?”

तिनं सरकारी वकीलबाईंना विचारून सांगितलं, “नाही मावशी. विसरल्याचं सोंग असेल, तर जज आधीचा जबाब ज्युरीला दाखवू देतात. पण सोंग आहे हे जजना पटायला हवं.”

“आणि नाही पटलं तर?”

“मग तुमचा शब्द आणि मालकाचा शब्द.”

ज्युरी, म्हणजे निकाल देणारी साधी माणसं. जजचं ठरेपर्यंत त्यांना बाहेरच ठेवलं. वकीलबाईंनी रमेशला विचारलं, “यांच्या मनगटाला काय झालं?”

मी बाही वर केली. त्या हातात आता बांगडी घालत नाही. रमेशनं बघितलं, मान खाली घातली.

“मावशींसमोर सांगवत नाही हो.”

दुभाषी थबकली. मग जजना म्हणाली, “हे ‘आठवत नाही’ नव्हे. सांगायला जीभ उचलत नाही, असं म्हणतोय तो.”

जजनी पेन खाली ठेवलं. “म्हणजे सांगण्यासारखं आहे त्याच्याकडं.”

त्यांनी गार्डांकडच्या जबाबाची टेप बघितली, मग ज्युरीला दाखवली. खाली इंग्रजी भाषांतर उमटत होतं. टेपवर रमेश म्हणत होता, “मावशींच्या हातातून झारा सुटत नसतो. मालकानं टेकवला.” मी ताठ बसून ऐकलं. मालक दोषी ठरला.

बाहेर रमेश भिंतीला टेकून उभा. “मावशी, रागावलात?”

“रागावले. दुसरी नोकरी बघ. तोवर पोरांना घेऊन जेवायला ये.”

विसरायचं सोंग करायचंच, तर इंग्रजीत करावं. आपल्या भाषेत खोटं बोलवत नाही.