गौराक्का आणि न पडलेला पाऊस

गौराक्का कुठल्याही कचेरीत गेल्या की आधी समोरच्याच्या तोंडात काहीतरी घालायच्या आणि मगच कामाचं बोलायच्या. मग तो तलाठी असो, बँकेचा मॅनेजर असो, नाहीतर आमच्या ट्रस्टचे अध्यक्ष असोत. कोल्हापूरच्या राजारामपुरीतल्या आमच्या ऑफिसात त्या पहिल्यांदा आल्या, तेव्हा मी खुर्ची दाखवून अर्ज मागितला. त्यांनी पिशवीतून डबा काढला. डब्यात करवंदाएवढी काळीभोर द्राक्षं होती.

"परड्यात चार वेली लावून बघितल्यात. तोंड उघडा म्याडम. बोलाय न्हवं, खायाला."

मी एक तोंडात टाकलं. जाड साल, आत बियाच बिया. थुंकायला कागद शोधू लागले, तशा त्या कडाडल्या, "थुकायचं न्हाय! चावा, मग बोला." मी निमूट चावलं. सालीतून आधी तुरटपणा उतरला आणि मागून एक दाट गोडवा आला. बाजारातल्या द्राक्षाला तो नसतो. हे त्यांना सांगितलं, तेव्हा कुठं त्यांनी अर्ज माझ्या हातात दिला.

आमचा ट्रस्ट नव्या पिकांना आणि मुलांच्या अन्नशिक्षणाला अनुदान द्यायचा. सहसा कुणी एक मागायचं, कुणी दुसरं. गौराक्कांनी एकाच अर्जात दोन्ही मागितलं होतं. गडहिंग्लजजवळच्या त्यांच्या गावात माळावरच्या अर्ध्या एकरात वाइनची द्राक्षं लावायची होती, आणि दर शनिवारी गावच्या शाळेत ‘चवीचा तास’ घ्यायचा होता. नवरा लवकर गेलेला. धाकटा दीर मल्लू यानं आणि त्यांनी मिळून घरचा ऊस पिकवला होता, शिवाय पंधरा वर्षं त्यांनी शाळेत खिचडी शिजवली होती. हा तास कशाला, असं मी विचारलं.

"पंधरा वर्सं पोरास्नी इचारलं, खिचडी कशी हुती? ‘छान.’ एक दिशी मी मीठच इसरलो. तरी बी ‘छान’! पोरांची जीभ निजलीया, म्याडम. ती उठवायची हाय."

अनुदान तीन वर्षांचं होतं, दर वर्षी अहवाल पाहून पुढचा हप्ता. पहिला मंजूर झाला तसं गावात बोंब उठली. ग्रामसभेत एक पुढारी उभे राहिले. दारूची शेती करणारी बाई शाळेत काय शिकवणार, असा त्यांचा सवाल होता. मी ट्रस्टतर्फे गेले होते आणि उत्तराची जुळवाजुळव करत होते, तोवर गौराक्का उठल्या. "पाटील, तुमचा ऊस कारखान्याला जातोय न्हवं? त्येच्या मळीपास्नं काय काकवी करत्यात व्हय?" सभा हसली, पुढारी बसले. बाहेर आल्यावर मी विचारलं, तुम्ही स्वतः कधी वाइन चाखलीत का? "चमचाभर. आंबाट हाय. खरं लबाड न्हाय."

त्यांचा तास मी तीनदा पाहिला. शाळेच्या व्हरांड्यात मुलं ओळीनं बसायची आणि प्रत्येकाच्या तळहातावर एकच जिन्नस पडायचा. कधी कच्चं कारलं, कधी आंबील, कधी दोन तऱ्हेचे गूळ. ‘छान’ म्हणायला बंदी होती. "छान तर पावणं बी म्हणत्यात, आनि ताटात तसंच टाकून जात्यात. जिभंवर कुठं लागलं, त्ये सांगा." चौथीतली एक मुलगी डोळे मिटून म्हणाली, पांढरा गूळ लगेच संपतो, काळा घशात बसून राहतो. गौराक्कांनी तिच्या पाठीवर असा धपाटा घातला की ती पोर कळवळली आणि हसलीही.

दुसऱ्या वर्षी माळावर पहिलं पीक धरलं. वाइनच्या द्राक्षाचं तंत्र उलटं असतं. तोडणीच्या आधी वेलीला जवळजवळ उपाशी ठेवायचं, पाणी तोडायचं, म्हणजे गोडी दाण्यात साठते. गौराक्कांना ते पटलं होतं, मल्लूअण्णांना मात्र बघवत नव्हतं. जन्मभर उसाला पाणी पाजलेला माणूस तो. वेल मलूल दिसली की त्याच्याच घशाला कोरड पडायची. तोडणीला आठवडा राहिला असताना गौराक्का नातवाच्या बारशाला शिरोळला गेल्या. बांधावर उभ्या मल्लूअण्णांना राहवलं नाही. शेजारच्या उसाचा पाट फोडून त्यांनी तो बागेत वळवला. दोन दिवस वेली पोटभर पाणी प्याल्या.

दाणे टरारून फुगले, कित्येक तडकले. वायनरीच्या माणसानं गोडी मोजली, मान हलवली आणि रिकामी गाडी घेऊन परत गेला. मल्लूअण्णा त्या दिवसापासून बागेकडं फिरकेनात आणि घरात जेवेनात.

तिसऱ्या हप्त्याचा अहवाल तोंडावर आला होता. शनिवारच्या तासाचा खर्चही त्याच हप्त्यातून चालायचा. आमच्या नियमात नैसर्गिक आपत्तीला माफी होती, माणसाच्या चुकीला नव्हती. मी कारणाच्या रकान्यात ‘अवकाळी पाऊस’ टाइप करून सहीसाठी कागद पुढं केला. आजही ते आठवलं की माझी मलाच लाज वाटते.

"पाऊस पडला न्हाय," त्या म्हणाल्या.

"अक्का, एकच तर ओळ आहे. सगळेच लिहितात. नाहीतर हप्ता थांबेल, तुमचा तास बंद पडेल."

"आभाळावर आळ कशाला? त्ये बिचारं त्या दिशी मोकळं हुतं की!" त्यांनी माझं पेन घेतलं, ओळ खोडली आणि मोठ्या अक्षरात लिहिलं, ‘पाणी आम्ही पाजलं.’

विश्वस्तांच्या बैठकीला त्या दोन डबे घेऊन आल्या. चढावरच्या दोन ओळींपर्यंत पाणी पोचलं नव्हतं, तिथली द्राक्षं एका डब्यात होती आणि पाणी प्यालेली दुसऱ्यात. पाच सुटाबुटातल्या माणसांच्या तळहातावर त्यांनी दोन्ही डब्यांतला एकेक दाणा ठेवला. अध्यक्ष चावून म्हणाले, "छान आहे."

"छान हितं चालत न्हाय, साहेब. कुठं लागलं सांगा."

अध्यक्षांचा चेहरा तांबडा झाला. पण त्यांनी दोन्ही डब्यांतला एकेक दाणा पुन्हा घेऊन खाल्ला आणि कबूल केलं, की एक पाणचट आहे, दुसरा मागं रेंगाळतो. "झालं की मग. ह्योच माझा तास. पोरास्नी म्हंतो, जिभंला लागलं त्येच बोला. आनि मी हितं येऊन पाऊस पडला म्हणू?"

त्यांची बाजू अशी लखलखीत असतानाही अनुदान रद्द झालं. नियम तो नियम. पत्र मीच पाठवलं. चार दिवसांनी गौराक्का सकाळच्या एसटीनं ते पत्र घेऊन हजर. अध्यक्षांनी केबिनच्या दारातूनच सुनावलं, "आता फेरविचार होणार नाही, बाई."

"फेरविचार कुणाला पायजे? ह्यो शब्द बदला." त्यांचं बोट ‘लाभार्थीच्या निष्काळजीपणामुळे’ या शब्दांवर होतं. "मल्लूला वाचाय येतंय. त्येनं जन्मात एक रोप वाळू दिल्यालं न्हाय. माझ्या दिराला निष्काळजी म्हणायचं न्हाय. काळजी जास्त झाली, तसं लिवा. मग काय रद्द करायचं त्ये करा."

शब्द नियमावलीतला आहे, बदलता येणार नाही, असं म्हणून अध्यक्ष आत गेले. गौराक्का माझ्यासमोर बसून राहिल्या. विनवणी नाही, रडणं नाही. मला संताप आला. तो अध्यक्षांचा होता की माझ्या त्या खोट्या पावसाचा, ते सांगता येणार नाही. मी नवं पत्र टाइप केलं. ‘काळजीपोटी पाणी जास्त दिले गेल्याने पीक वाया गेले. निष्काळजीपणा नव्हता. अनुदान रद्द करण्यात येत आहे.’ खाली सही केली, शिक्का मारला आणि पत्र त्यांच्या हातात दिलं. मला त्याबद्दल मेमो मिळाला. पुढं मी ती नोकरीही सोडली.

चवीचा तास बंद पडला नाही. मुलं घरातूनच एकेक जिन्नस आणू लागली. पुढच्या हंगामात बागेचा माल वायनरीनं उचलला. त्याच्या पुढच्या छाटणीच्या आठवड्यात गौराक्का आठ दिवसांच्या तापानं गेल्या.

तेराव्याला मी गेले होते. जेवणं आटोपली होती, मांडवात गप्पा चालल्या होत्या. एक पाहुणा पानाला चुना लावत म्हणाला, "बाई वाघीण हुती, खरं ह्या मल्लूनं बाग बुडवली न्हवं का तिची?"

मल्लूअण्णांनी कोपरीच्या आतल्या खिशातून प्लास्टिकमध्ये घातलेला एक कागद काढला आणि माझ्या हातात दिला. "वैनी म्हणाली हुती, कुणी काय बोललं तर ह्ये दाखव. म्याडम, तुमीच वाचा."

मी उभी राहिले आणि मांडवाच्या शेवटच्या माणसाला ऐकू जाईल अशा आवाजात ते पत्र वाचलं. अनुदान रद्द हे वाचलं, ‘निष्काळजीपणा नव्हता’ हे दोनदा वाचलं, आणि खाली माझं नाव होतं, तेही वाचलं.