आलं ठेचायचा दगड

गुजरातेत पर्वत पाटिया नाक्याजवळ चहाची गाडी लावणारा तो खान्देशी माणूस एका गोल दगडानं आलं ठेचायचा. पूर्वी खेडा जिल्ह्यात खाणीवर कामाला असताना त्याला तो सापडला होता. एका सकाळी मी पेपरातली बातमी मोठ्यानं वाचली: त्याच भागात डायनासोरची अंडी सापडली, अगदी गोल दगडांसारखी! त्याचा हात थांबला. त्यानं दगड धुतला, मफलरमध्ये गुंडाळला आणि स्टोव्हशेजारी ठेवला. मग आठवडाभर बिनआल्याचा चहा. गिऱ्हाईक तुटायला लागलं, तेव्हा मीच ओळखीच्या भूगर्भशास्त्राच्या प्राध्यापकांना घेऊन आलो. भिंगातून बघताच ते ओरडले, "अहो, अंडंच आहे! कोट्यवधी वर्षांपूर्वीचं!"

त्यानं हळूच विचारलं, "साहेब, यानी माय यावर बसे का?"

"नाही. ही जात बहुधा अंडी मातीत पुरून निघून जायची."

तो बराच वेळ दगडावरून हात फिरवत राहिला. "मंग याले पहिली ऊब मीच दिन्ही," तो म्हणाला.

प्राध्यापकांनी ते कॉलेजसाठी मागितलं. रिक्षात बसलेल्या प्राध्यापकांच्या मांडीवर त्यानं ते मफलरसकट ठेवलं आणि रिक्षावाल्याला गुजरातीत दम भरला, "धीमे चलावजे, अंदर बच्चुं छे!"